पाणक्याच्या वाटणीचं पाणी

सोळा वर्षं सायकल चालवून माणसाचं काय होतं ते बघायचं असेल, तर पाणक्याला सकाळी जिना उतरताना बघावं. घाटाच्या उतारावर मोटारींना मागे टाकणारा हा गडी हॉटेलचा जिना मात्र कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायचा. मांड्या भरून आलेल्या, पाठ आखडलेली, डाव्या कोपराला परवाच्या पडण्याची जखम. ती रात्री चादरीला चिकटायची आणि सकाळी चादरीबरोबर सोलून निघायची. आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. अंगवळणी पडलं की कातडी सोलणंसुद्धा दात घासण्यासारखंच.

पाणक्या हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कामावरून पडलं. सायकलच्या मोठ्या शर्यतीत टीम आठ जणांची असते, पण जिंकायचं एकानं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी मरायचं, असा रोकडा हिशेब असतो. पाणक्याच्या टीममध्ये जिंकायचा मान होता राजाकडे. राजा चोवीस वर्षांचा, देखणा, पायांत नुसती वीज. पाणक्याचं काम पाण्याचं. टीमची गाडी घोळक्याच्या मागून येते. तिच्यापर्यंत मागे जायचं, खिडकीतून बाटल्या घ्यायच्या, पाठीच्या खिशांत, जर्सीच्या आत, पोटाशी, मानेशी कोंबायच्या, आणि एवढं ओझं घेऊन दीडशे सायकलींच्या गर्दीतून वाट काढत पुन्हा पुढे येऊन त्या वाटायच्या. वाटून झाल्या की परत मागे. वारा समोरून आला की राजाच्या पुढे राहून तो छातीवर घ्यायचा. राजाचं चाक पंक्चर झालं की आपलं चाक काढून द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला हात हलवत उभं राहायचं. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच.

गाडीत बसायचा मास्तर. हा स्वतः एके काळचा सायकलवाला, आता पोट सुटलेला. थंडगार गाडीत बसून प्रत्येकाच्या कानातल्या रेडिओवर हुकूम सोडायचा: "पाणक्या, पुढे जा. पाणक्या, मागे ये. पाणक्या, झोपलास काय?" उंटावरून शेळ्या हाकणारे जगात कमी नाहीत, पण मास्तरच्या उंटाला एअरकंडिशन होतं.

टीव्हीवर पाणक्या कधी धड दिसायचा नाही. कॅमेरा पुढच्यांवर असतो, आणि शेवटच्या चढावर पुढचे जेव्हा पुढे जातात तेव्हा पाणक्याचं काम संपलेलं असतं. तो मागे शेवटच्या टोळक्याबरोबर, वेळेची मर्यादा संपायच्या आत कसाबसा पोचतो. घरी बायको सुरुवातीला डोळे फाडून बघायची. पुढे तिनं एक खूण शोधली होती: घोळक्यात ज्याच्या पाठीला कुबड आलंय तो आपला. कुबड म्हणजे बाटल्या.

घरी बायको आणि सात वर्षांची ठकी. ठकी जन्मली तेव्हा पाणक्या कुठल्यातरी घाटात होता. तिला पहिला दात आला, तिनं पहिलं पाऊल टाकलं, तापानं फणफणली, तेव्हाही तो कुठल्या ना कुठल्या घाटातच होता. वर्षातले जेमतेम तीन महिने घरी, आणि त्यातही सकाळी सराव, दुपारी झोप, जेवताना समोर वजनकाटा. पोरीला सायकल शिकवली ती तिच्या मामानं. मामा शेजारच्याच गल्लीत राहायचा. मामाशी ठकीची "ए मामा, गप रे" अशी सलगी. बाप फोनवर आला की मात्र ती सरळ उभी राहून बोलायची. "तुम्ही कसे आहात? जेवलात का? बरं, ठेवते." घरी आलेल्या पाहुण्यांशी बोलावं तशी. बायको म्हणायची, "अगं, बाबा आहेत ते." ठकी म्हणायची, "माहितेय की."

हे पाणक्याला टोचत होतं. कोपराच्या जखमेपेक्षा जास्त टोचत होतं. पण पस्तिशी गाठलेल्या सायकलवाल्याला दुसरं काय येतं? सायकल सोडली तर पुढे काय, ह्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. करार ह्या वर्षी संपत होता आणि मास्तर विचारलं की म्हणायचा, "शर्यत संपू दे, मग बघू." म्हणून तीन आठवड्यांची ही शर्यत पाणक्या जिवावर उदार होऊन ओढत होता. पुढच्या वर्षाचा करार मिळवायचा, मग नंतरचं नंतर.

ह्या वर्षी मात्र एक गोष्ट वेगळी होती. शेवटून दुसऱ्या दिवसाचा टप्पा पाणक्याच्या गावातून जाणार होता. अगदी त्याच्या घराजवळच्या शाळेच्या वळणावरून.

सायकलवाल्यांच्यात एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची कोणाची टाप नाही. ज्याचं गाव रस्त्यात लागतं त्याला घोळका पुढे जाऊ देतो. तो दोन-तीन मिनिटं आधी गावात पोचतो, सायकलवरून उतरतो, घरच्यांना भेटतो. मागाहून घोळका आला की त्यात मिसळून पुन्हा कामाला लागतो. त्या दोन-तीन मिनिटांत कोणी फायदा घेत नाही. एरवी एकमेकांच्या बरगडीत कोपरं खुपसणारी माणसं, पण ह्या बाबतीत सोवळी. सोळा वर्षांत पाणक्यानं कितीतरी जणांना असं पुढे जाताना बघितलं होतं. त्याचं गाव कधी रस्त्यात आलंच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला तर ठकी नेहमीचं सगळं विचारून झाल्यावर फोन ठेवायच्या ऐवजी थांबली.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"तुम्ही सगळ्यांना पाणी देता. तुम्हाला कोण देतं?"

"मीच घेतो. गाडीतून," तो म्हणाला.

"म्हणजे कोणीच देत नाही," ठकी म्हणाली. "उद्या मी देईन. शाळेच्या वळणावर. थांबाल ना?"

पोरगी आपण होऊन काहीतरी मागतेय, हे पहिल्यांदाच घडत होतं. पाणक्या म्हणाला, थांबेन. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खाटेच्या कडेला तसाच बसून राहिला. त्याला रडू आलं होतं आणि ते आवरायचा कंटाळाही आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. डांबर टायरला चिकटत होतं. पाणक्यानं सकाळपासून चार खेपा करून सगळ्यांना पाणी पुरवलं, म्हणजे गावापुरतं तरी कोणी त्याच्या नावानं शंख करायला नको. मग तो घोळक्यातल्या दादाकडे गेला. दादा दुसऱ्या टीमचा, सगळ्यांत जुना. परवानगी त्याच्याकडे मागायची असते.

"दादा, पुढचं गाव माझं."

दादानं मान वळवून बघितलं. "तुला गाव आहे? मला वाटलं तू गाडीच्या डिकीत जन्मलास."

आजूबाजूचे हसले. दादानं हात वर केला, पुढच्यांनी वेग कमी केला, आणि पाणक्या त्यांच्यातून पुढे निघाला. जाताना कोणी पाठीवर थाप मारली. कोणी म्हणालं, "वहिनींना म्हणावं, नवरा ओळखून घ्या, बदलून गेला असेल." सोळा वर्षांत घोळक्याच्या पुढे एकटं जायची ही त्याची पहिलीच वेळ. समोर कोणाची पाठ नाही, नुसता मोकळा रस्ता. ह्याची सवय नसल्यामुळे त्याला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शिंप्याचं दुकान गेलं, पाण्याची टाकी गेली, आणि शाळेच्या वळणावर तिघं दिसली. बायको, मामा आणि मध्ये ठकी. ठकीनं दोन्ही हातांत आपली शाळेची, चोखून प्यायच्या झाकणाची हिरवी बाटली छातीशी धरली होती. पाणक्या उतरला. गुडघा दुखावला, पण उतरला. त्यानं ठकीला जवळ घेतलं तर हेल्मेट तिच्या कपाळावर आपटलं. तिनं नुसतं कपाळ चोळलं आणि बाटली पुढे केली.

"ही तुमची," ती म्हणाली. "तुम्हीच प्यायची. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. शपथ घ्या."

"शपथ," पाणक्या म्हणाला.

"आत्ता प्या ना."

त्याला तहान होतीच. पण मागून मोटरसायकलींचे हॉर्न ऐकू यायला लागले होते, घोळका येऊन ठेपला होता. आणि खरं सांगायचं तर असं घाईघाईत, रस्त्यात उभं राहून ते पाणी संपवून टाकावं असं त्याला वाटेना. "घाट सुरू व्हायच्या आधी पितो," तो म्हणाला. "खरी तहान तिथे लागते. तिथे तुझं पाणी लागेल मला."

ठकीला ते पटलं. तिनं मान हलवली. बायकोनं त्याच्या कोपराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, पण ती एवढंच म्हणाली, "सांभाळून." पाणक्यानं बाटली पाठीच्या मधल्या खिशात ठेवली, सायकलवर टांग मारली आणि घोळक्यात मिसळला.

गाव संपलं तसा वारा सुटला. आडवा वारा. दोन टीमनी एकदम वेग वाढवला, घोळका फाटला, आणि जो तो पुढचं चाक पकडायला धावला. पाणक्यानं राजाला शोधलं, त्याच्या पुढे जाऊन वारा घेतला आणि मान खाली घातली. अशा वेळी माणूस विचार करत नाही. पाय फिरतात, तोंडाला फेस येतो आणि डोळ्यांपुढे रस्त्याचा हातभर तुकडा राहतो.

घाटाचं तोंड दिसायला लागलं आणि कानात मास्तर खेकसला. "राजाकडे पाणी नाही. गाडी मागे अडकलीय, येऊ शकत नाही. पाणक्या, पाणी. आत्ताच्या आत्ता."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सोळा वर्षं "पाणी" हा शब्द कानात पडला की त्याचा हात पाठीमागे जात होता. आत्ताही गेला. खिशात एकच बाटली होती, ती त्यानं काढली आणि मागे न बघता धरली. राजानं घेतली. आणि बाटली हातातून सुटल्यावर पाणक्याला आठवलं ती कोणाची होती ते.

त्यानं मान वळवली. राजानं एक मोठा घोट घेतला होता. लगेच त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्यानं पाणी थुंकून टाकलं. "हे काय दिलंस? नुसतं मीठ आहे," तो म्हणाला, आणि बाटली फेकून दिली. हिरवी बाटली मैलाच्या दगडावर आपटून पलीकडच्या गवतात गेली.

पाणक्याचे पाय थांबले. क्षणभरच. थांबावं, उतरावं, असं त्याच्या मनात नुसतं येऊन गेलं तेवढ्यात मास्तर कानात ओरडला, "ओढ! आत्ता थांबलास तर संपलं सगळं." संपलं म्हणजे करार संपला, हे सांगायला नको होतं. आणि पाणक्यानं ओढलं. अर्धा घाट त्यानं राजाला वर ओढला, दुसऱ्या टीमचे चार गडी मोडून काढले, आणि मग तो स्वतः मोडला. राजा पुढे निघून गेला आणि टप्पा जिंकला. पाणक्या शेवटच्या टोळक्याबरोबर, घशाला कोरड, वेळ संपायच्या जरा आधी वर पोचला. मीठ कोणी टाकलं आणि का टाकलं, हे कोडं त्याला वरपर्यंत पुरलं.

संध्याकाळी तो मालिशवाल्याच्या टेबलावर पालथा पडला होता तेव्हा मास्तर आत आला. मास्तर खुशीत होता.

"आज काम केलंस," तो म्हणाला. "पुढचं वर्ष तुझं. उद्याचा टप्पा संपव, सही करून टाकू."

ज्या वाक्यासाठी तीन आठवडे हाडं झिजवली ते वाक्य असं टेबलावर पालथं असताना कानावर आलं. पाणक्या आनंद व्हायची वाट बघत राहिला. आनंद काही आला नाही. "बरं," तो म्हणाला. मास्तर त्याच्या पायावर थाप मारून गेला.

"पोटरी दगड झालीय," मालिशवाला म्हणाला. "अजून एक वर्ष?"

"बघू," पाणक्या म्हणाला.

खोलीत जाऊन त्यानं घरी फोन लावला. ठकीनंच उचलला.

"तुम्ही कसे आहात?" तिनं विचारलं.

"बरा आहे."

"पाणी प्यायलात?"

आता खरं बोलायला काय जात होतं? पण दिवसभराच्या थकव्यानं माणूस भित्रा होतो, आणि पोरीनं पहिल्यांदा काही दिलं होतं. "प्यायलो की," पाणक्या म्हणाला. "सगळं. जरा खारट होतं, पण छान होतं."

"बरं," ठकी म्हणाली. "दमला असाल. आराम करा. आईला देते."

बायको फोनवर आली. तिनं आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"टीव्हीवर दिसलं सगळं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू नीट दिसलास. कॅमेरा राजावर होता ना. तू बाटली देतोस, तो थुंकतो, फेकून देतो, सगळं दोनदा दाखवलं. मैलाचा दगड ओळखून मामा मोटरसायकलवरून गेला आणि शोधून घेऊन आला. इथे टेबलावर आहे."

पाणक्या खाटेच्या कडेवर बसला.

"तिनं तीन चमचे मीठ घातलं होतं," बायको पुढे म्हणाली. "घामातून मीठ जातं असं तिच्या बाईंनी शाळेत सांगितलं होतं. मी म्हटलं, एवढं नको गं. ती म्हणाली, बाबांना खूप घाम येतो." मग ती म्हणाली, "तू बाटली दिलीस त्याचं तिला वाईट नाही वाटलं. ती म्हणाली, विसरले असतील. आत्ता विचारलं ते तू काय सांगतोस ते बघायला."

पाणक्या म्हणाला, "ठेवतो." लाज वाटत होती. कोणीतरी चारचौघांत मुस्काटात मारावी तशी नव्हे, तिची तर त्याला सवय होती. ही लाज एकट्यानं बसून खायची होती. त्यानं पाच-दहा मिनिटं ती खाल्ली. मग उठून अंगात शर्ट घातला, पायात चपला सरकवल्या आणि कठडा धरून जिना उतरला.

अंगणात मेकॅनिक सायकली धूत होता. सूर्य डोंगराआड गेला होता, पण अजून उजेड होता.

"एखादी सायकल दे," पाणक्या म्हणाला.

मेकॅनिकनं त्याच्या चपलांकडे बघितलं. "आज पोट भरलं नाही वाटतं? कुठे निघालास?"

"घरी. घाट उतरला की घर."

"आणि सकाळी?"

"सकाळी गाडी पाठवून सायकल घेऊन जा."

मेकॅनिक हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. त्यानं हात पुसले, जादाची एक सायकल काढली, हवा बघितली आणि पुढे केली. "ब्रेक दाबत जा," एवढंच म्हणाला.

घरापर्यंत सगळा उतारच होता. पाय मारायची गरज नव्हती आणि पायांत मारायला काही उरलंही नव्हतं. दुपारी ज्या रस्त्यावर माणसं भिंतीसारखी उभी होती तिथे आता चिटपाखरू नव्हतं. गवतात ठिकठिकाणी फेकलेल्या बाटल्या पडल्या होत्या. त्यातल्या कित्येक त्यानंच वाहून आणलेल्या होत्या.

दार बायकोनं उघडलं. ती बाजूला झाली. ठकी टेबलाशी गणितं करत बसली होती. बापाला बघून ती नेहमीसारखी उठून उभी राहिली. टेबलावर हिरवी बाटली होती. एका बाजूला पोचा आलेला, झाकणाला माती.

"मी खोटं बोललो," पाणक्या म्हणाला. "बाटली मी दुसऱ्याला दिली. शपथ मोडली आणि वर खोटं बोललो. चुकलं माझं."

ठकीनं बाटलीकडे बघितलं. "माहितेय," ती म्हणाली.

पाणक्या खुर्चीत बसला. सांभाळून, एकेक गुडघा मोडत. त्यानं बाटली उचलली, झाकण शर्टाला पुसलं, उघडलं आणि तोंडाला लावली. अर्धीअधिक भरलेली होती. गरम, खारट, नुसतं समुद्राचं पाणी. पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी आलं. तो पीत राहिला.

ठकी त्याच्या घशाच्या हालचालीकडे बघत होती. "खूप खारट आहे?" तिनं विचारलं.

"खूप."

"मग नका पिऊ. पोट दुखेल."

"दुखू दे," पाणक्या म्हणाला आणि पुन्हा बाटली तोंडाला लावली.

ठकीनं आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी आणली, त्याच्या कोपराला लागणार नाही अशी, आणि गणिताची वही पुढे ओढली. "हे मला येत नाहीये," ती म्हणाली. "मामालाही नाही आलं."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "उद्या शेवटचा टप्पा आहे ना? तुझ्याशिवाय तिकडे पाणी कोण आणणार?"

पाणक्यानं शेवटचा घोट संपवला, बाटली उलटी करून दाखवली आणि टेबलावर ठेवली.

"तहान लागली की आणतील," तो म्हणाला. "कुठलं गणित गं?"